ढेकूण म्हणायला काय जातं?

"काका, आमच्याकडे जरा ते... म्हणजे तसं काही विशेष नाही, पण एकदा येऊन जाता का?"

असा फोन आला की औषधवाल्या काकांच्या डोक्यात तिडीक जायची. तीस वर्षं घरोघरी जाऊन औषध फवारण्यात गेली होती, पण या एका वाक्याची सवय काही त्यांना झाली नव्हती.

"ते म्हणजे काय?" काका विचारायचे.

"बारीक किडे हो."

"मुंग्या?"

"नाही."

"झुरळं?"

"छे छे! आमच्याकडे झुरळं नसतात."

"मग ढेकूण का?"

यावर पलीकडे जरा खुडबुड. मग दार लावून घेतल्याचा आवाज, आणि अगदी हळू, लग्नातल्या देण्याघेण्याचं गुपित सांगावं तसं, "हो. पण ते आमचे नाहीत."

आमचे नाहीत! जणू बाकीच्यांनी हौसेनं पाळलेत. काका फोन ठेवायचे आणि बायकोला म्हणायचे, "आणखी एक आले ताकाला. भांडं घरी ठेवून आलेत." बायको भाजी निवडता निवडता म्हणायची, "तुम्हाला काय करायचंय? औषध मारा आणि या."

पण तेवढ्यानं भागत नाही, हेच तर काकांचं म्हणणं होतं. ज्याला तोंडानं ढेकूण म्हणवत नाही, तो शेजाऱ्याला सांगत नाही. आलेल्या पाहुण्याला सांगत नाही. माळ्यावरची दुसरी गादी दाखवत नाही, कारण ती दाखवली तर 'दोन्हीकडे आहेत' असं होईल. काका एका खोलीत औषध मारणार, ढेकूण दुसऱ्या खोलीत सुखानं नांदणार, आणि महिन्याभरानं हेच गिऱ्हाईक म्हणणार, "तुमच्या औषधात पाणी फार." म्हणून काकांनी एक शिस्त घालून घेतली होती. घरात शिरायचं, पंप खाली ठेवायचा, आणि घरातल्या कर्त्या माणसानं 'आमच्या घरात ढेकूण झालेत' हे वाक्य स्पष्ट उच्चारल्याशिवाय पंपाचं झाकण उघडायचं नाही. एका साहेबांनी तर चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. काकांनी ती परत केली. "वाचून दाखवा," म्हणाले.

माणसं एवढी का लाजतात, याचा काकांनी बराच विचार केला होता. डासांचं काही नसतं. 'आमच्या भागात डास फार' हे लोक चारचौघांत सांगतात, वर पालिकेला दोन शिव्या हासडतात. पिसवा झाल्या की कुत्र्याचं नाव पुढे करता येतं. उवा शाळेतून येतात. चिलटं केळ्यांवर येतात, त्यात घरमालकाचा काय दोष? पण ढेकणाला दुसरीकडे बोट दाखवायची सोय नाही. तो आपल्या अंथरुणात असतो आणि आपलंच रक्त पितो. त्यातून जुनी समजूत अशी की ढेकणाच्या रक्तानं हिरासुद्धा भंगतो. म्हणजे वाईट संगत म्हटली की उदाहरणाला हाच. एवढी अब्रू गेलेला शब्द तोंडात घ्यायचा तरी कुणी? मग कुणी 'खटमल' म्हणतं, परका शब्द वापरला की चावा परका होतो असं वाटून. आणि हल्ली सगळे 'बेडबग' म्हणतात. बेडबग म्हटलं की तो जणू चार बुकं शिकून आलाय.

एकाच गिऱ्हाइकानं काकांना कधी हा त्रास दिला नाही. त्या होत्या भाषेच्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, दोन खोल्या पुस्तकांनी भरलेल्या. त्यांनी दार उघडल्या उघडल्या खणखणीत आवाजात सांगितलं, "या. ढेकूण झालेत. चांगले टपोरे आहेत." काका पंप हातात धरून उभेच राहिले. तीस वर्षांत असं स्वागत झालं नव्हतं.

औषध मुरेपर्यंत दोघं बाहेर जिन्यात बसले, आणि बाईंनी काकांना त्या शब्दाचं कूळ सांगितलं. संस्कृतात याला मत्कुण म्हणतात. पण आपला ढेकूण काही त्या मत्कुणापासून आलेला दिसत नाही. प्राकृतात ढेंकुण, ढंकुण अशी रूपं सापडतात, त्यांच्याशी याचं नातं दिसतं. त्याच्या मागे गेलं की वाट बंद. असे शब्द जुन्या पंडितांनी वेगळे काढून ठेवले आणि त्यांना 'देशी' म्हटलं.

"देशी म्हणजे?"

"म्हणजे इथलेच. आई-बाप ठाऊक नसलेले."

काका खूश झाले. "बाई, शब्दाचंही तेच म्हणा की. कुठून आला कुणी सांगत नाही. सगळे म्हणतात आमचा नाही!"

"आणि तरी शेकडो वर्षं माणसांनी तो टाकला नाही," बाई म्हणाल्या. "राजे गेले, भाषा बदलली, हा मात्र टिकला. लाजायचं कसलं त्यात?"

निघताना बाईंनी त्यांना एक जाडजूड जुना शब्दकोश भेट दिला. कापडी पाठीचा, कोपरे झिजलेला. त्यांच्याकडे दोन होते. काकांना आयुष्यात कुणी पुस्तक दिलं नव्हतं. त्यांनी तो स्कूटरवर पायांशी, पंपाच्या शेजारी नीट उभा ठेवला आणि घरी आणला.

आता गिऱ्हाइकाच्या घरातली टाचणीसुद्धा आपल्या घरी आणायची नाही, हा या धंद्याचा पहिला धडा. काका तो सगळ्यांना शिकवायचे. गादीची शिवण, कॉटचे सांधे, भिंतीवरच्या फोटोची मागची बाजू, सगळं टॉर्च लावून बघायचे, फटीतून पातळ पुठ्ठा फिरवायचे. पण त्या पुस्तकाच्या पाठीत त्यांनी पुठ्ठा घातला नाही. कारण बाईंनी एवढं मोकळेपणानं सांगितलं होतं! जो लपवतो त्याच्याकडे सापडतात, एवढं एकच गणित त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. खरं बोलणाऱ्या माणसाच्या वस्तूतही ढेकूण असू शकतो, हे त्यांना सुचलंच नाही. तीस वर्षांचा अनुभव असा ऐन वेळी सुट्टीवर जातो.

कोश दिवाणाच्या वरच्या फळीवर विराजमान झाला. त्या दिवाणावर तेव्हा त्यांची भाची झोपायची, बायकोच्या धाकट्या बहिणीची मुलगी. नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, वसतिगृहात जागा व्हायची होती, म्हणून दोन महिने मावशीकडे. जागा झाली तशी ती वळकटी बांधून गेली.

ती गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी काकांच्या बायकोच्या हातावर एका ओळीत तीन गांध्या उठल्या.

"डास असतील," बायको म्हणाली.

"डास असतील," काका म्हणाले.

एका ओळीत चावणारा डास काकांनी जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्या कुणी त्यांच्यासमोर असं म्हटलं असतं तर त्यांनी त्याला फाडून खाल्लं असतं. दोन दिवस घरात डासच होते. तिसऱ्या दिवशी दुपारी काका कोश काढायला गेले आणि त्याच्या कापडी पाठीवर, आतल्या बाजूनं, टाकाच्या टोकानं मारावेत तसे काळे ठिपके दिसले. त्यांनी पुठ्ठा घातला. चार बाहेर आले.

"कुणाला बोलायचं नाही हं," बायको म्हणाली. ती शब्दसुद्धा उच्चारत नव्हती. काकांनी खिडक्या लावून घेतल्या आणि आपल्याच घरात औषध मारलं. वास बाहेर गेला तेव्हा शेजारीण डोकावली.

"काय चाललंय काका?"

"कपाटाला पॉलिश," काका म्हणाले.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पॉलिश म्हणे. ते वाक्य तोंडातून गेल्यावर काकांना स्वतःचीच इतकी चीड आली की त्यांनी रागारागानं खरंच कपाट पुसायला घेतलं.

भाचीला विचारायला हवं, हे दोघांनाही कळत होतं. "तिची गादी नवी होती," बायको म्हणाली. "तिच्याकडे कशाला जातील?" काकांनी मान डोलावली. गादी नवी होती, पण वळकटी दोन महिने याच दिवाणाखाली होती. हे मात्र ते बोलले नाहीत.

आठ दिवसांनी वसतिगृहाच्या रेक्टरबाईंचा फोन आला. "तुमची भाची आमच्याकडे आहे ना, तीच म्हणाली काकांना बोलवा. जरा... तो प्रकार झालाय."

"कोणता प्रकार?" काकांनी सवयीनं विचारलं, पण उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत.

खोलीत आठ कॉट होत्या. मुली ड्यूटीवर गेल्या होत्या. काकांनी एकेक गादी उलटून पाहिली. भाचीच्या गादीच्या शिवणीत सगळं होतं. लहानमोठ्या सगळ्या मापांच्या कातीच्या टरफलांचा थर, दाट ठिपके, तांदळाच्या कण्यांसारखी चिकटलेली अंडी. तिथं बिऱ्हाड केव्हाच थाटलेलं होतं. शेजारच्या कॉटवर त्याहून कमी, पुढच्यावर आणखी कमी. अगदी कोपऱ्यातल्या कॉटच्या सांध्यात मोजून दोन पिल्लं मिळाली. यात पंचांग बघायची गरज नव्हती. काकांच्या जागी कुणी शिकाऊ असता तरी त्यानं सांगितलं असतं की सुरुवात कुठून झाली.

"त्या कोपऱ्यातलीनं आणलेत," दारात उभ्या राहून, पदर नाकाला लावून रेक्टरबाई म्हणाल्या. "तिचे वडील जुन्या कॉटा आणि गाद्या विकतात. दुसरं काय येणार त्यांच्या घरून? तिची गादी मागच्या अंगणात टाकलीय. तिला इस्त्रीच्या खोलीत झोपायला सांगितलंय. तुमचा दुसरा हात मारून झाला की तिला जागा सोडायला सांगणार. बाकीच्या मुलींचा धोका कोण पत्करेल?"

"मग ती राहील कुठं?"

"घरी. लांब आहे म्हणते, दोन बस बदलाव्या लागतात. सातच्या ड्यूटीला पोचणार नाही. मग शिक्षण सुटेल, पण मी काय करू?"

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर तिथंच, पंप पाठीला लावून उभा. काकांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि ते म्हणाले, "बाई, ढेकूण कुठून येतात ते नक्की सांगता येत नसतं."

तीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलेलं हे पहिलं खोटं. ते त्यांनी अगदी तज्ज्ञाच्या आवाजात सांगितलं. मग औषध मारलं, अंड्यांतून पिल्लं बाहेर पडली की दुसरा हात मारायला पंधरा दिवसांनी येतो म्हणाले, आणि निघाले. इस्त्रीच्या खोलीवरून जाताना दार उघडं दिसलं. टेबलाखाली एक चटई, एक गोणपाट, गोणपाटात कपडे आणि पुस्तकं. ते पटकन पुढं गेले.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, आणि ती जे बोलेल असं त्यांना वाटलं होतं तेच ती बोलली.

"आपलेच दात, आपलेच ओठ. पोरगी माझ्या बहिणीची आहे. तिला तिथं कुणी जवळ उभं करेल का? आणि तुमचं काय? ज्याच्या घरात झाले त्याला औषध मारायला कोण बोलावेल? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि त्या मुलीची मूठ?"

"ती तुमची कोण लागते?"

"कुणी लागत नाही. म्हणूनच तर तिच्या गळ्यात मारता येतंय!" काका एवढ्या जोरात ओरडले की शेजारणीनं पुन्हा डोकावलं. काकांनी खिडकी लावून घेतली. ओरडून सांगण्यासारखं तेवढं एकच होतं, आणि तेच सांगायचं नव्हतं.

त्या पंधरा दिवसांत काकांनी राग सगळ्यांवर काढला. एक गिऱ्हाईक 'बेडबग' म्हणालं तर त्याच्याशी भांडण केलं. दुसऱ्यानं 'आमचे नाहीत' म्हटल्यावर "मग काय माझे आहेत का?" असं खेकसले, आणि मग पंप भरायला बसले. त्या माणसाकडून वाक्य वदवून घ्यायचं ते विसरले. खरं तर विसरले नाहीत. त्यांची ती हिंमत राहिली नव्हती. भाचीचा एकदा फोन आला. "काका, सगळं ठीक आहे आता," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "ती अजून तिथंच झोपते." तिलाही शंका आली होती. तीही बोलत नव्हती. सगळं घराणंच तोंडात गुळणी धरून बसलं होतं.

पंधराव्या दिवशी काका वसतिगृहात पोचले तेव्हा मुलींच्या जेवणाची वेळ होती. भोजनघराच्या दारातून लांब टेबलं दिसत होती. भाची सहा-सात जणींच्या मधे बसली होती. शेवटच्या टेबलाच्या टोकाला एकच मुलगी होती. बाकी सगळ्यांपुढे वसतिगृहाची खणांची ताटं, हिच्यापुढे घरून आणलेली थाळी आणि तांब्या.

"तिची भांडी वेगळी का?" काकांनी रेक्टरबाईंना विचारलं.

"मीच सांगितलं. उगाच मिसळायला नकोत."

"भांड्यांत?" काकांचा आवाज चढला. "ढेकूण काय ताटात जेवायला बसतात? अहो, नर्सा घडवता ना तुम्ही इथं?"

"हळू बोला हो! ऐकतायत मुली."

"ऐकू देत. ढेकूण गादीत असतात. वळकटीत असतात. पुस्तकाच्या पाठीत असतात. माझ्या घरात झाले होते. भाची तिथून तुमच्याकडे आली. मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं."

रेक्टरबाईंचा चेहरा एकदम पडला. त्यांनी काकांना दंडाला धरून बाजूला घेतलं आणि अगदी समजूतदारपणे म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मी तिला आजच खोलीत परत घेते. कॉलेजच्या मुख्य बाईंनाही सांगते की घरी पाठवायचं कारण नाही. झालं ते झालं. आता कुणाचं नाव कशाला? तुमच्या धंद्याचाही प्रश्न आहे."

आणि खरं सांगायचं तर काकांना हायसं वाटलं. मुलगी वाचली, भाची वाचली, आपणही वाचलो. ते 'बरं' म्हणणार होते.

"पहिल्या दिवशीच?"

ती मुलगी उठून दारापर्यंत आली होती. हाताला भात लागलेला. बुटकी, चष्मा लावलेली, आणि रागानं लाल झालेली.

"हो," काका म्हणाले.

"म्हणजे पंधरा दिवस. पंधरा दिवस मी टेबलाखाली झोपले. माझे बाबा येऊन बाईंच्या पाया पडून गेले. दुकानातली प्रत्येक गादी उन्हात घातली त्यांनी, आपल्याकडूनच गेले असतील म्हणून. आणि तुम्हाला माहीत होतं."

काकांना माफी मागायची होती, पण ती शब्दांत बसेना. "चुकलं माझं," एवढंच आलं.

"मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं माझे नाहीत." तिनं टेबलांकडे हात केला. "तिथं सांगा."

"अगं, मी सांगेन सावकाशीनं," रेक्टरबाई मधे पडल्या.

"तुम्ही 'तो प्रकार' म्हणाल. यांनी सांगायचं. मोठ्यानं."

काका आत गेले. चाळीस मुली जेवता जेवता थांबल्या. त्यांनी पंप खाली ठेवला. शेकडो घरांत माणसांना उभं करून त्यांनी हे एक वाक्य म्हणायला लावलं होतं, आणि ती माणसं जमिनीकडे का बघत होती ते त्यांना आत्ता कळलं. वाक्य चारच शब्दांचं असतं, पण त्यातला एक शब्द आपला असतो.

"माझ्या घरात ढेकूण झाले," काका म्हणाले. "ते माझ्या चुकीनं झाले. तिथून ते भाचीच्या वळकटीतून इथं आले. आणताना तिला ठाऊक नव्हतं. या मुलीचा आणि तिच्या वडिलांच्या दुकानाचा यात काहीही संबंध नाही. हे मी पंधरा दिवस लपवलं."

मग बाकाचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. भाचीच्या डावीकडची मुलगी थोडी सरकली. मग उजवीकडची. मग समोरच्या दोघींनी ताटं उचलली. कुणाच्या मनात दुष्टावा नव्हता, फक्त जागा होत गेली. बघता बघता भाची त्या लांब टेबलाच्या मधोमध एकटी राहिली. मान खाली घालून भाताचा एकच घास बोटांनी चिवडत बसली.

काकांनी तिच्याकडे पाऊल टाकलं. पण त्यांच्या आधी ती चष्म्याची मुलगी आपली थाळी आणि तांब्या घेऊन तिकडे निघाली होती. तिनं थाळी भाचीच्या ताटाला चिकटवून ठेवली, धपकन बसली आणि तांब्यातलं पाणी भाचीच्या पेल्यात ओतलं.

"जेव गुपचूप," ती वैतागून म्हणाली. "आणि रडू नकोस. मी पंधरा दिवस रडलेय, काही होत नाही त्यानं."

मग तिनं मान वर केली. काका अजून तिथंच उभे होते.

"काका, दुसरा हात मारायचा राहिलाय ना? जा. माझ्या कॉटपासून सुरुवात करू नका."